मिस्त्रीच्या तोंडात काय होतं

आमच्या घराण्यात मासा दारात आला की तासाभरात त्याचे खवले निघायचे आणि दुसऱ्या तासाला रस्सा उकळायचा. आम्ही ढिवर. आजोबा तलावावर, वडील तलावावर, दोन्ही काका तलावावर. त्या घराण्यात मासा विकत आणून वर त्यालाच खाऊ घालणारा पहिला माणूस मी. तोही गोड्या पाण्यातला नाही, समुद्रातला. माझ्या आईनं समुद्र मरेपर्यंत पाहिला नाही. मी पाहिला तो लग्नानंतर, आणि आम्ही पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती.

हे खूळ मला ऑफिसातल्या रिकाम्या दुपारी मोबाइलवर लागलं. आधी व्हिडिओ, मग व्हॉट्सॲपचा ग्रुप, मग शहापुरातल्या आमच्या हायवेलगतच्या घराच्या पुढच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी. समुद्राचं पाणी घरीच तयार करावं लागतं. आरओच्या पाण्यात खास मीठ कालवायचं, ते नागपूरहून बादलीनं यायचं, आणि खारटपणा नळीनं मोजायचा. घरच्या माणसांनी बोअरचं पाणी प्यायचं आणि माशांनी आरओचं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा माणसांना कूलर आणि माशांना चिलर. माझी बायको नाकाडोंगरीकडची, जंगलाच्या काठची. ती आडून बोलत नाही.

"अहो, देवाले सांगा, पुढच्या जन्मी मले मासोळी कर. पन याइच्याच टाकीतली कर म्हना. बायको नको करू."

लोक रंगीत, मधल्या पाण्यात मिरवणारे मासे ठेवतात. मला मात्र तळाशी बसणारे आवडले. आपल्यासारखेच, जागा सोडायला नको. त्यातला जॉफिश नावाचा मासा मी जोडीनं मागवला. थर्माकोलच्या खोक्यातून तो विमानानं नागपूरला आला आणि तिथून माझ्या मांडीवर बसून एसटीनं शहापूरला. बोटाएवढा लांब, डोकं अंगाच्या मानानं भलतंच मोठं, डोळे बेडकाचे, आणि तोंड असं की उघडलं की मासा संपला आणि तोंडच उरलं. तो वाळूत उभं भोक खणतो आणि त्याला आतून दगडांचं बांधकाम करतो, विहिरीला करतात तसं. एकेक गोटा तोंडात धरून आणायचा, बसवायचा, पसंत नाही पडला तर थुंकून द्यायचा. बायकोनं दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव मिस्त्री ठेवलं. मादीला काही नाव पडलं नाही. ती बहुतेक वेळ आपल्या भोकातून डोकं काढून मिस्त्रीचं काम बघत बसायची. आमच्या घरीही तशीच विभागणी आहे, फक्त इथं मी बघतो.

त्या वर्षी हिवाळ्यात आई गेली. वडील आंधळगावाजवळच्या आमच्या खेड्यात एकटे उरले. दोन महिन्यांत त्यांनी स्वयंपाक सोडला. चहा आणि मुरमुरे. एकदा तलावाच्या पाळीवर चक्कर येऊन पडले आणि मच्छीमार सोसायटीच्या माणसांनी उचलून घरी आणलं. मी आणि बायको त्यांना घ्यायला गेलो, तर खाटेवरून उठेनात. शेवटी बायकोनं हात जोडले तेव्हा म्हणाले, "दिवाळीलोक येतो. मन लागलं त राहीन. नाही लागलं त मले इथं आनून सोडजो. मंग अडवाचं नाही."

मी हो म्हणालो. त्या घरात परत एकटे राहिले तर ते फार दिवस काढणार नाहीत हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. तेव्हा दिवाळीपर्यंत त्यांचं मन आमच्या घरात लागणं, एवढंच काय ते माझ्या हाती होतं.

पहिला महिना ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. टाकीकडे एकदाच पाहिलं. मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून मी वर बारीक जाळी ठोकली होती. तिला बोट लावून म्हणाले, "आमी मासोळी भेटावी म्हनून जाळं टाकाचो. तू मासोळी जाऊ नये म्हनून टाकतो." आणि परत जाऊन झोपले.

मग एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो, तर म्हातारा स्टुलावर बसलेला, काचेला नाक लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं, तो डोळा काचेच्या बाजूला.

"बाबू, याले गोटे कमी पडून राहिले," म्हणाले. "अर्धी विहीर बांधून बसला बिचारा."

कोकणातून आणलेले शिंपल्यांचे तुकडे माझ्याकडे डबाभर होते. त्या दिवसापासून वडील रोज सकाळी त्यातले पाच-सहा निवडायचे, धुवायचे, हात पाण्यात घालून मिस्त्रीच्या भोकाजवळ नीट ओळीनं मांडायचे आणि पाहत बसायचे. मी सांगितलेले नियम त्यांना पाठ झाले. हाताला साबण नको, तेल नको, तंबाखूचा खर्रा खाल्लेला हात तर मुळीच नको. खर्रा त्यांनी चक्क उजव्या हातानं खाणं सोडलं. संध्याकाळी मी घरी आलो की बातमी मिळायची.

"आज तीन घेतले. दोन वापस केले."

"काहून?"

"माल पसंत नाही पडला मिस्त्रीले. मीच घाईत निवडले होते."

बायको आतून ओरडायची, "मामाजी, मिस्त्रीसंगं मजुरीचं बोलून घ्या. एवढे दिवस फुकट माल पोचवून राहिले!" आणि म्हातारा हसायचा. आई गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. पोळ्यापर्यंत ते दोन पोळ्या खायला लागले होते. मिस्त्री त्यांचा हात पाण्यात आला की भोकातून अर्धा बाहेर यायचा आणि बोटांमधल्या तुकड्याला सरळ तोंड घालायचा. माझा हात दिसला की विहिरीत. मी ग्रुपवर त्याचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, "माझा मासा हातातून घेतो." हात कोणाचा ते लिहिलं नाही.

दिवाळीला महिनाभर होता तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी टॉर्च मारून पाहिलं तर मिस्त्रीचं तोंड फुगलेलं. त्यानं जबडा जरा उघडला आणि आत मला सोनेरी दाण्यांचा गोळा दिसला. अंडी. या जातीत अंडी नर सांभाळतो, तोंडात. आठ-नऊ दिवस, पिल्लं निघेपर्यंत, तो काही खात नाही. मधूनमधून गोळा ओठांपर्यंत आणून हलवतो, त्याला हवा देतो आणि परत आत घेतो. मी एवढा खूश झालो की पहिला फोटो ग्रुपवर. मुंबई, चेन्नई, कुठकुठून अभिनंदन आलं. कोणी लिहिलं, विदर्भात हे पहिल्यांदाच होत असेल. ते मी तीनदा वाचलं. पोट आत ओढून वाचलं.

वडील तेव्हा बाजूच्या खोलीत खाटेवर बसून बायकोला वालाच्या शेंगा सोलून देत होते. दहा पावलं. अनोळखी माणसांना मी सांगितलं, बापाला सांगितलं नाही. मी नंतर स्वतःला बरीच कारणं सांगितली. पिल्लं दिसली की एकदम दाखवू, त्यांना मौज वाटेल. हे कारण चांगलं आहे, पण खरं नाही. खरं एवढंच की, यांना काय कळणार, असं मला वाटलं. ज्यांनी साठ वर्षं मासे पाहिले त्यांना काय कळणार.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना वडील म्हणाले, "बाबू, मिस्त्री खाऊन नाही रायला. गोटाबी घेत नाही. तोंड सुजलं त्याचं."

मी ग्रुपवर कोणाला तरी उत्तर देत होतो. "राहू द्या," म्हणालो, "खाईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. मी परत तेच म्हणालो. हे दोन्ही वेळचं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर ते मला त्याच शब्दांत ऐकावं लागलं.

त्यानंतरच्या दिवशी मी ऑफिसच्या कामानं तुमसरला होतो. परत यायला संध्याकाळचे साडेपाच झाले. दारातच वडील उभे. उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, हात पांढरा आणि सुरकुतलेला, आणि डाव्या हातात स्टीलची वाटी.

"निघालं, पाह्य," म्हणाले. चेहरा असा, जसा मी लहानपणी तलावातून मोठी मरळ घरी आली की पाहायचो. "गोटा वाटला होता मले. गोटा नाही. बुरशीचा गोळा व्हता."

बायको मागून कौतुकानं सांगत होती. "जेवले आन मले म्हनते, बाई, हात साध्या पान्यानंच धुवाचा ना? मंग स्टुलावर बसून हात टाकीत सोडला, तो तीन तास काढला नाही. चहा नेला त म्हनते, तोंडाले लाव, हात मोकळा नाही. म्या बशीनं पाजला."

हा मासा हातानं धरता येत नाही. ग्रुपवर कोणालाही विचारा. सावली पडली तरी तो विजेसारखा आत जातो. पण चिखलात हात पुरून बसायचं, बोटं मेल्यासारखी ठेवायची आणि मासा आपणहून तळहातावर आला की मूठ मिटायची, हे काम आमच्या वडिलांनी जन्मभर केलेलं. आणि त्यांच्या हाताला तर मिस्त्री घाबरतच नव्हता. तो येऊन त्यांच्या तळव्यावर बसला. त्यांनी अंगठ्यानं त्याचं तोंड उघडलं, करंगळीनं आतला गोळा काढला आणि मिस्त्रीला हळूच त्याच्या विहिरीच्या तोंडाशी सोडून दिलं.

मी वाटीत पाहिलं. प्रत्येक दाण्यात दोन रुपेरी ठिपके होते. डोळे. आजउद्या पिल्लं निघणार होती.

मी काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "तुमचा हात लागला की मासा मरतेच. तुमच्या हाताले दुसरं काही येतेच नाही."

त्या हातानं धरलेल्या मासळीवर माझी शाळा झाली, कॉलेज झालं. त्यातूनच नोकरी, आणि नोकरीतून ही टाकी.

वडील वाटीकडे बघून म्हणाले, "काय आहे हे?"

"अंडी! तो नर आहे, तोंडात अंडी सांभाळते."

त्यांनी वाटी ट्यूबलाइटखाली नेली, चांगल्या डोळ्याजवळ धरली. बराच वेळ. मग खाली बसले, स्टुलावर नाही, फरशीवर.

"डोळे आहेत याले," म्हणाले.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"मरळ पिल्लाइले घेऊन फिरते," ते वाटीलाच सांगत होते. "लाल लाल पिल्लं, पान्यावर झुंड दिसते. खाली मायबाप असते. तेवढी सोपी मरळ दुसरी नसते, जाग्यावरून हालत नाही. पन तिच्यावर जाळं टाकाचं नाही. माह्या बापानं नाही टाकलं. घरात दाना नव्हता त्या सालीबी म्या नाही टाकलं." मग मान वर केली. "तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पाच-सहा दिवस."

"म्या तुले इचारलं होतं. दोनदा. तू म्हटलं, राहू द्या, खाईल."

ट्रक गेला की आमच्या टाकीचं पाणी थरथरतं. तेव्हा हायवेवरून एकामागून एक ट्रक जात होते आणि मी त्या पाण्याकडे पाहत उभा होतो.

ग्रुपवर विचारलं. एकानं सांगितलं, बाटलीत टाकीचंच पाणी घ्या, खालून हवेची नळी सोडा, अंडी सारखी गोल फिरत राहिली पाहिजेत, काही पिल्लं निघतीलही. बाटली टाकीत सरळ उभी राहीना, तर वडिलांनी ती हातात धरली. जेवायला उठले नाहीत. मी म्हणालो, मी धरतो, तर त्यांनी दिली नाही. सकाळी मी उठलो तेव्हा ते तिथंच होते. बाटलीचा वास घेऊन त्यांनीच सांगितलं, "गेली." अंडी दुधासारखी पांढरी झाली होती. पाच-सात पिल्लं निघाली असावीत, पापणीच्या केसाएवढी. तीही तळाशी.

मिस्त्रीचा जबडा परत नीट मिटला नाही. तो विहिरीतून बाहेर येईना. वडील रोज सकाळी समोर बसायचे, पण हात पाण्यात घालत नव्हते. हात मांडीखाली दाबून बसायचे. पाचव्या दिवशी मादीनं त्याला ओढत विहिरीबाहेर आणून टाकलं. मेलेला होता.

त्या संध्याकाळी मी वडिलांजवळ बसलो आणि समजुतीच्या सुरात म्हणालो, "जाऊ द्या बाबा. होते चूक माणसाच्या हातून. मी काही मनात ठेवलं नाही."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. केवढा मोठा माणूस मी! माफी कोणी कोणाची मागायची होती, हे ऑफिसात रोज शंभर अर्ज तपासणाऱ्या या डोक्यात तेव्हा आलं नाही. वडील "हो" म्हणाले. त्यांना दुसरं काय म्हणता येणार होतं?

दोन दिवसांनी त्यांनी आपली पिशवी भरली. दिवाळीला अजून बरेच दिवस होते. बायको रडली. "मामाजी, दिवाळीलोक राहतो म्हटलं होतं तुमी."

"व्हय बाई. पन आता सोडा मले."

"मन नाही लागलं का इथं?"

"लागलं होतं," ते म्हणाले.

मी त्यांना मोटारसायकलवरून गावी नेऊन सोडलं. अडवायचं नाही असं ठरलं होतं. मी तेवढाच शब्द पाळला, तोच नेमका पाळायला नको होता.

नंतर मी दर रविवारी डबा घेऊन जायचो. बायको सोबत लोणचं, चिवडा बांधून द्यायची. मागच्या रविवारचा डबा बऱ्याचदा अर्धा भरलेलाच परत मिळायचा. वडील चांगले बोलायचे. धानाचं, गावाचं, माझ्या नोकरीचं. टाकीचं कधीच नाही. तलाव घरापासून हाकेवर, पण पाळीवर जाणं त्यांनी बंद केलं होतं. सोसायटीची मासेमारी होती त्या दिवशी माणसं बोलवायला आली. म्हणाली, बुढेबा, नुसते बसून राहा, तुमचा हिस्सा घरी पोचवतो. हे गेले नाहीत, आणि घरी आलेली मासळी शेजारी देऊन टाकली. मला हे शेजारणीनं सांगितलं.

पौषातल्या एका रविवारी मी मनाची तयारी करून गेलो होतो. रस्ताभर वाक्य घोकत होतो. म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"गाडी उन्हात ठेवली का रे?" त्यांनी विचारलं. "टायर तापते. सावलीत घे."

मी उठलो, गाडी सावलीत घेतली. परत येईपर्यंत त्यांनी डोळे मिटले होते. झोपले नव्हते, पण मिटले होते. त्या वाक्याचा उरलेला भाग मग कधी झाला नाही.

माघात एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. शेजाऱ्यांनी कडी काढली आणि मला फोन केला. खाटेवरच होते. चुलीत आदल्या दिवसाची राखही नव्हती.

तेरवीला गाव जेवायला होतं. वडिलांबरोबर तलावावर काम केलेली चार-पाच म्हातारी माणसं एका ओळीत बसली होती. मी वरण वाढत होतो. त्यातला सगळ्यात थोरला माझा हात धरून म्हणाला, "बाबू, वाईट नको मानू. तुह्याकडं रायला असता त आनखी दोन वर्सं काढले असते बुढ्यानं. पन तिकडचं पानी नाही मानवलं त्याले. सांगे तो आमाले. पोरगा-सून तळहातावर ठेवत, म्हने, हसून-खेळून रायलो, म्हने, पन पानीच मानवलं नाही."

"हायवेकडचं पानी जडच हाय," दुसरा म्हणाला. "माह्या साळ्यालेबी तसंच झालं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. भाताचं घमेलं घेऊन मागे उभी असलेली बायकोही.

"हो," मी म्हणालो. "जड आहे तिकडचं पाणी."

आणि वरणाची बादली घेऊन पुढच्या पत्रावळीकडे सरकलो.